उरलेले दोन प्रयत्न

"दोनच उरलेत, वसुधाताई," मुकुंद म्हणाला, आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा त्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती. तिच्याखाली लाल अक्षरांत एकच ओळ : शिल्लक प्रयत्न दोन.

"दहातले आठ घालवलेस?"

"घालवले. आईचं नाव, आजीचं नाव, गावाचं नाव, सगळे देव घालून झाले. आठवाही चुकला. म्हटलं, आता ह्याला हात लावायचा नाही. रिक्षा केली आणि तडक इथे आलो."

"आणि दहाही चुकले तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

"न ठाऊक असायला काय झालं? तुमच्या कुलथे साहेबांनी उत्सवात माइकवरून सांगितलं होतं. चोराने दहादा डोकं आपटलं की आतलं सगळं जागच्या जागी खलास." तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. "तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ताई."

त्याच्या मागे भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत विनायकबुवा पळशीकर बसले होते. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, आणि गळ्याभोवती मलमलीचा पातळ रुमाल. तो रुमाल थंडीसाठी नव्हता. आदल्या वर्षी घशाच्या कर्करोगात बुवांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं, आणि श्वासासाठी ठेवलेलं भोक त्या रुमालाखाली होतं. मांडीवर शाळकरी पोराची असते तशी दगडी पाटी आणि खडू. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पूर्वी हात ठेवताना तोंडाने नाम घेत, आता नुसतेच ओठ हलले.

ह्या बुवांना मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. आमच्या गल्लीतल्या रामाच्या देवळात नवरात्रभर त्यांचं कीर्तन असे. माझे वडील, अण्णा, पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसत आणि बुवांनी एखादी तान घेऊन समेवर अलगद सोडली की भर सभेत "वा बुवा, जियो!" म्हणत. आईला लाज वाटे. बुवा मात्र अण्णांची दाद आल्याशिवाय पुढच्या चरणाला हात घालत नसत. अण्णा गेले, देऊळ सुधारलं, पंखे आले, बुवांचा आवाज मात्र तोच राहिला. मग तोही गेला.

उरला होता तो त्या लॅपटॉपमध्ये.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत होती. लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या हार्ड डिस्क आम्ही करायचो, पण साध्या नव्हेत. त्यांवर जे लिहाल ते लिहितानाच कुलूपबंद होत जाई आणि पासवर्डवाचून कुणालाही वाचता येत नसे. सरकारी खात्यांना असा माल विकायचा तर सरकारी प्रयोगशाळेचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्रापायी आम्ही दोन वर्षं घासलो होतो. दरम्यान कुलथे साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, वापरून बघायला म्हणून काही लॅपटॉप ओळखीपाळखीत दिले. एक बुवांच्या घरी गेला, तोही उत्सवात, स्टेजवर, हार घालून. साहेबांना असं करायला आवडायचं.

बुवांच्या ऑपरेशनची तारीख ठरल्यावर मुकुंदने माळ्यावरच्या सगळ्या कॅसेटी काढल्या. तीस वर्षांची कीर्तनं. निम्म्या टेपांना बुरशी. एकदा वाजवून घेतली की दुसऱ्यांदा वाजेल ह्याचा भरवसा नाही. कित्येक तर त्या एकदाच्या वाजण्यातच तुटल्या. त्याने रात्रीचा दिवस करून सगळं ह्या लॅपटॉपमध्ये उतरवलं आणि टेपांचा ढीग भंगारात दिला. दुसरी प्रत कशाला, सरकारी तोडीची वस्तू आहे! पासवर्ड मात्र बुवांनी स्वतः लावला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, खोलीचं दार लावून. आणि ऑपरेशननंतर मुकुंदने विचारलं तेव्हा पाटीवर लिहिलं, "आठवत नाही."

त्या टेपांत अण्णांची दाद होती. मी ती अजून ऐकली नव्हती. दिवाळीला या, सगळे मिळून ऐकू, असं मुकुंद म्हणाला होता.

"आज का आलास रे?" मी म्हटलं. "आज वर तपासणी चालू आहे. शेवटची."

"मला काय ठाऊक! बाबांनीच आज पाटी पुढे केली. 'वसुधाकडे चल.'"

तपासणी म्हणजे रेगे बाई. प्रयोगशाळेकडून आलेल्या. करड्या रंगाची सुती साडी, स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. कंपनीचा चहासुद्धा घेत नव्हत्या. चार दिवस त्या वरच्या सभागृहात बसून एकेक डिस्क सोलून बघत होत्या. अजून एक चूक सापडली नव्हती. दुपारी जेवणानंतर मी चाचणी विभागाची प्रमुख म्हणून एका कागदावर सही करायची, की ह्या डिस्कमध्ये शिरायला वापरणाऱ्याच्या पासवर्डखेरीज दुसरी कुठलीही वाट नाही. ती सही झाली की त्या शिफारस करून गाडीत बसणार होत्या.

मी परागला बोलावलं. पराग साळवी, डिस्कच्या आत चालणारी सगळी प्रणाली त्याने लिहिलेली. गडी हुशार, पण सदा घाईत. त्याने पडदा बघितला, बुवांकडे बघितलं, आणि सर्व्हिस रूमचं दार लोटून घेतलं.

"मॅडम, दोन प्रयत्न उरलेत ना? म्हणजे आतली किल्ली शाबूत आहे."

"असेल. पण पासवर्ड कुठाय?"

"पासवर्ड लागत नाही." त्याने खिशातून बोटाएवढा निळा पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा मुठीत झाकला. "पाच मिनिटं द्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पराग, हे काय आहे?"

"सर्व्हिस-की. सुरुवातीला आम्हीच रोज पासवर्ड विसरायचो हो. दर वेळी डिस्क फेकायची का? म्हणून मागून एक वाट ठेवली. नंतर काढायची होती."

"काढली नाहीस?"

त्याने मूठ खिशात घातली.

"किती डिस्कमध्ये आहे?"

"सगळ्याच."

"वर रेगे बाईंच्या टेबलावर आहेत, त्यांतही?"

"त्यांना सापडणार नाही, मॅडम. मी लपवलीय तशी. साहेबांना माहितेय. ते म्हणाले, आत्ता काढली तर अख्खी तपासणी पहिल्यापासून. ह्या वर्षीचं टेंडर गेलं समजा. प्रमाणपत्र आलं की काढून टाकू गुपचूप." मग त्याने बुवांकडे हात केला. "आणि बघा ना, आज उपयोगच होतोय की नाही? चांगल्या कामालाच."

मुकुंदने परागचा हात दोन्ही हातांत धरला. "देवासारखे भेटलात बघा. लावा ना, लावा लवकर!"

परागने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तेवढ्यात खुर्चीकडून टकटक आवाज आला. बुवा खडूने पाटीच्या लाकडी कडेवर वाजवत होते. माणसांना आपल्याकडे बघायला लावायची त्यांची हीच रीत झाली होती आता. पाटीवर लिहिलं होतं,

"ही किल्ली बाकीच्यांच्या पेटीलाही लागते?"

प्रश्न मला होता. नजर माझ्यावर होती.

"हो, बुवा," मी म्हटलं.

त्यांनी खाली आणखी लिहिलं, "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

बुवांनी उपरण्याच्या टोकाने पाटी पुसली आणि खडू खाली ठेवला. एवढंच. रागावले नाहीत, मान हलवली नाही. कीर्तनात पूर्वरंग संपवून बुवा असेच एकदम थांबत. श्रोत्यांना वाटे, आता काही बोलतील. ते बोलत नसत. ज्याचं त्याने बघावं म्हणून तेवढी जागा मोकळी सोडत.

माझ्या डोळ्यांपुढे कोण कोण आलं सांगू? आमच्याच टेंडरच्या यादीतली खाती. कुणा पोलिसाच्या लॅपटॉपमधली बलात्कार झालेल्या पोरीची जबानी. कुणा डॉक्टरकडची आजाऱ्यांची नावं. आणि ही निळी किल्ली परागच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खुळखुळणारी. उद्या त्याने नोकरी सोडली तर? कुणी त्याची पँट धुवायला टाकली तर?

"मी वर जाऊन येते," मी म्हटलं.

"कशाला?" परागचा चेहरा उतरला. "मॅडम, वर कशाला?"

"सांगायला."

तो ताडकन उठला आणि माझ्याआधी बाहेर पडला. साहेबांच्या केबिनकडे पळाला हे उघडच होतं. मी व्हरांड्यात आले तर मागून मुकुंद.

"ताई! ताई, थांबा." त्याने माझी वाट अडवली. "सांगा. काय सांगायचं ते सांगा, मी नको म्हणत नाही. पण आधी उघडून घेऊ. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. आवाज काढून घेऊ, आणि मग तुम्ही जा वर, हरिश्चंद्र व्हा, काय हवं ते व्हा!"

खोटं कशाला सांगू, त्याचं बोलणं मला पटत होतं. पाच मिनिटांनी कुणाचं काय बिघडणार होतं?

"मुकुंदा, आत्ता मी हे सांगू शकते. एकदा का त्यातून अण्णांचं 'वा बुवा' ऐकलं ना, की ही किल्ली मला देवाच्या जागी वाटायला लागेल. मग माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. मी ओळखते मला."

"आणि त्यांनी लॅपटॉप जप्त केला तर?"

"त्या आधी म्हणतील, दाखवा. तेव्हा त्यांच्यासमोर उघडू. उघडेलच की. फक्त चोरून नाही उघडणार."

"आणि नाही म्हणाल्या तर? कायदा काढला तर? ताई, माझ्या बापाचा आवाज आहे तो! तो काही तुमच्या कंपनीचा माल नाही!"

मी जिन्याकडे चालायला लागले आणि तोही माझ्यामागे आला, पायरी पायरी विनवत.

जिन्याच्या वळणावर कुलथे साहेब उभे. परागने काम चोख केलं होतं. साहेब सोनाराच्या घरातले, बोलणं नेहमी तोलून. त्या दिवशी तोल नव्हता.

"वसुधाबाई, खाली जा."

"साहेब, मला सही करता येणार नाही."

"कोण म्हणतं नाही येणार? पेन नाही का? हे घ्या माझं." त्यांनी खरंच खिशातलं पेन काढलं. "अहो, महिन्याभरात काढून टाकतो ती वाट. शब्द देतो. देवळात येऊन देऊ?"

"मग तोवर सही थांबू दे."

"टेंडर थांबतं का? खाली कारखान्यात, शॉपवर बघा जरा. ती माणसं कुणाच्या जिवावर घर चालवतात? त्यांना काय सांगू, की वसुधाबाईंना आज वैराग्य आलं? बाई, तुम्ही कीर्तनाला नाही आलात आज, नोकरीला आलाय!"

हे मात्र लागलं. शॉपवरच्या सगळ्यांच्या पोराबाळांची नावं मला पाठ होती. गौरीगणपतीला एकमेकींकडे जाणं होतं. मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. एका बाजूला मुकुंद, एका बाजूला साहेब. दोघेही माझ्याकडे एकच गोष्ट मागत होते, की गप्प राहा. दोघांचीही कारणं खोटी नव्हती.

"मी ज्या कागदावर सही करणार, तो वाचून कुणीतरी आपलं गुपित त्या डिस्कमध्ये ठेवणार," मी म्हटलं. "माझ्या सहीवर विसंबून, साहेब. तुमच्या नाही."

त्यांनी पेन परत खिशात घातलं. बाजूला झाले नाहीत, पण मी अंग चोरून पुढे गेले तेव्हा अडवलंही नाही.

रेगे बाई डबा धुऊन आणून रुमालावर पालथा घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाट आहे. सगळ्या डिस्कमध्ये आहे. किल्ली परागकडे आहे. दारात मुकुंद, त्याच्यामागे साहेब आणि पराग. मग बाई हात पुसत म्हणाल्या,

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता. अर्धा तास नसेल झाला."

"आणि सही अजून केलेली नाही."

"नाही."

"मग बसा. उभ्या राहून थरथरू नका." त्यांनी चष्मा लावला. "नुसतं सांगून भागत नाही. मला दाखवावं लागेल. ज्यात खऱ्याच माणसाचा खराच मजकूर आहे अशी डिस्क हवी, तुमच्या टेबलावर तयार केलेली नको. आहे?"

"आहे!" मुकुंद दारातून जवळजवळ ओरडलाच. "खाली आहे! माझ्या वडिलांची. मॅडम, उघडली की त्यातलं आम्हाला मिळेल ना?"

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "मजकूर मालकाचा असतो. तो तुम्हाला काढून देऊ आणि मग डिस्क मी सील करून नेईन."

मुकुंदने हात जोडले. मग माझ्याकडे वळून मान खाली घातली. मला रडू यायला झालं. एवढं सोपं होतं तर सगळं!

आम्ही सगळे खाली आलो. बुवा टेबलापाशी होते. खुर्ची पुढे ओढून घेतलेली, दोन्ही हात मिटलेल्या लॅपटॉपवर. मी गेले तेव्हा लॅपटॉप उघडा होता, हे त्या घाईत माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्हाला बघून ते उठले आणि परागला जागा करून दिली.

परागने निळा पेन ड्राइव्ह खोचला. रेगे बाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. साहेब दाराच्या चौकटीत. परागने बटण दाबलं. आतलं चक्र फिरायला लागल्याची बारीक घरघर सुरू झाली.

त्या घरघरीत मी काय करत होते ते सांगते. मी देवाचा धावा करत होते, आणि तो दोन तोंडांनी चालला होता. उघड रे रामा, एकदा तो आवाज कानावर पडू दे, अण्णांचा एक 'वा' ऐकू दे. आणि त्याच श्वासात, नको उघडू. आमचं काम इतकं कच्चं ठरू नको देऊ. ज्यात मी दोन वर्षं घातली ती वस्तू खिशातल्या एवढ्याशा तुकड्याने उघडू नये. देव तरी काय करील बिचारा! कुठलं ऐकेल?

घरघर थांबली. पडदा उजळला. लाल अक्षरांतली ओळ आली.

शिल्लक प्रयत्न शून्य. आतील किल्ली नष्ट केली आहे.

"हे कसं शक्य आहे?" पराग म्हणाला. त्याने पेन ड्राइव्ह काढला, पुसला, पुन्हा खोचला. पुन्हा घरघर, पुन्हा तीच ओळ. त्याने आणखी काय काय करून बघितलं. कपाळावर घाम आला होता. "किल्लीच नाही आत. मग सर्व्हिस-की काय उघडणार? मघाशी तर दोन..."

"कुणी हात लावला होता?" रेगे बाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी व्हरांड्यात, मुकुंद माझ्यामागे, पराग साहेबांकडे. खोलीत एकच माणूस होतं.

बुवांनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"बाबा?" मुकुंद पुढे झाला. "बाबा, तुम्ही? दोन्ही?"

बुवांनी मान डोलावली.

"अहो, पण का? उघडणार होतं ते! ह्या बाईंनी कबूल केलं होतं! आम्ही तेच सांगायला येत होतो!" तो बुवांसमोर जमिनीवरच बसला आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. चांगला पन्नाशीला आलेला माणूस. बुवा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

रेगे बाईंनी परागला हळूच विचारलं, "नोंदीत काय आहे?"

"दोन चुकीचे प्रयत्न. मधे बरंच अंतर आहे, मॅडम. पहिल्यानंतर बराच वेळ काहीच केलेलं नाही. मग दुसरा."

"काय टाइप केलं होतं?"

"ते आपण नोंदवत नाही. नोंदवलं तर तेच एक भगदाड व्हायचं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. का कोण जाणे, त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सरळ साहेबांकडे वळल्या. "कुलथे, आज शिफारस होणार नाही. मागची वाट सगळ्या डिस्कमधून काढा आणि पुन्हा अर्ज करा. पहिल्यापासून. मात्र मी हेही लिहिणार आहे, की प्रयत्न संपले की किल्ली खरोखर नष्ट होते आणि बनवणाऱ्यालाही ती परत मिळत नाही. हे मी स्वतः बघितलं."

साहेबांनी मान हलवली. जमिनीवरच्या मुकुंदकडे बघितलं. जाताना त्यांनी बुवांसमोर चपला काढल्या आणि नमस्कार केला. माझ्याशी मात्र ते पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

टेंडर गेलं. वर्ष वाईट गेलं. शॉपवरची काही माणसं सोडून गेली, आणि गौरीगणपतीला दोन घरांनी मला बोलावणं केलं नाही. परागने ती वाट काढली, इतकी कसून की शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, आता मलाही नाही येत आत." पुढच्या खेपेला रेगे बाईच आल्या, तोच डबा, तीच बाटली. ह्या वेळी मी सही केली. प्रमाणपत्र मिळालं.

पेढे घेऊन मी बुवांकडे गेले. मुकुंद घरात होता. माझ्याशी बोलला, चहाही त्यानेच ठेवला, पण तो दिवस आमच्या दोघांत अजून बसलेला होता. बुवा खिडकीशी होते. थकले होते फार. मी पेढा हातात दिला, प्रमाणपत्राचं सांगितलं. ते लहान मुलासारखे खूष झाले.

मुकुंद स्वयंपाकघरात गेल्यावर मी खाली बसले आणि वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं.

"बुवा, त्या दिवशी तुम्हाला पासवर्ड आठवला होता का? उघडायला बसला होतात, की..."

त्यांनी पाटी घेतली. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली.

"तू परत यायच्या आत व्हायला हवं होतं."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. काय व्हायला हवं होतं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी परत यायच्या आत पेटी उघडली असती, तर मुकुंदला त्याचा ठेवा आणि मला माझं खरं, दोन्ही मिळालं असतं. आणि ती रिकामी झाली, तर त्यांच्या आवाजासाठी ती किल्ली कुणालाच लावावी लागणार नव्हती.

बुवा माझ्याकडे बघत होते, खडू बोटांत तसाच धरून. मी विचारलं असतं तर लिहिलं असतं त्यांनी.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मुकुंदला चहाच्या कपबशा आणायला मदत करायला आत गेले.